उभ्या विमानाला पडलेली भेग

प्रिय अण्णा,

सोमवारी हे पुन्हा विमान घेऊन वर जाणार आहेत. असं काही असलं की विचारायचं तुला, आणि तू तर गेल्या चैत्रात निघून गेलास. म्हणून लिहायला बसले.

या तमिळ मुलुखात, आपल्या घरात देवनागरी वाचणारे आपण दोघंच होतो. अप्पांनी पाटीवर गिरवून घेतलं ते तुझ्यामाझ्यापाशीच थांबलं. ह्यांना तमिळ येतं, इंग्रजी येतं, मराठी घरात बोलतात, पण अक्षर लावता येत नाही. कमळीला मी मराठीत हाक मारली तर ती तमिळमध्ये ओ देते. त्यामुळे हे पत्र मी स्वयंपाकघरात उघडं टाकलं तरी कुणी वाचणार नाही. बरंच आहे. यात जे आहे ते मी कुणाजवळ बोललेली नाही.

मला भीती वाटते, अण्णा. विमान पडेल ही भीती तर वैमानिकाच्या बायकोला लग्नाच्या हळदीबरोबरच लागते. ती मी सोसत होते. पण तू मला दुसरीच भीती शिकवून गेलास. धडधाकट दिसणारी वस्तू, नुसती उभी असताना, कुणी हात न लावता, आतून सुटत जाते, ही ती भीती. ही कशी सोसायची ते सांगितलंच नाहीस.

तू बंगळूरहून परत आलास तेव्हा आई किती खूश होती. विमानाच्या कारखान्यात धातू तपासण्यात तुझी उमेदीची वर्षं गेली, छातीचं दुखणं सुरू झालं, आणि डॉक्टर म्हणाले घरी जा. तू घरी आलास, पण स्वस्थ कुठला बसतोस? शेतांवर विमानानं औषध फवारणाऱ्या कंपनीला तपासनीस हवा होता. तिची विमानं गावाबाहेर, लढाईच्या वेळच्या त्या जुन्या मैदानावर उतरायची. तुझी सही झाल्याशिवाय विमान उडायचं नाही, आणि ते उडवणारे आमचे हे. घरात एकाच वेळी जावई वैमानिक आणि मुलगा तपासनीस. आई राजवाड्यापासच्या आपल्या गल्लीत सगळ्यांना सांगत सुटली होती, की माझ्या जावयाला आता देवाचीही काळजी नको, माझा माधव आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराचा, ऐप्पसी महिन्यातला पाऊस थांबता थांबेना. विमान मैदानावर पत्र्याच्या छपराखाली नुसतं उभं होतं. ओलाव्यानं भिंतींना बुरशी आली, कपडे वाळेनात, पापड मऊ पडले. मग पाऊस उघडला आणि शेतांतून ओरड सुरू झाली. खोडकिडा पडला होता. पापनाशमच्या शेतावरून मामंजींचा माणूस आला, की लोंब्या पांढऱ्या पडताहेत, तुझं विमान उभं का? मुलाला बापानं असं विचारावं, आणि तेही नोकराकरवी. हे दुसऱ्या दिवशी सकाळीच मैदानावर गेले.

आणि तू सही केली नाहीस.

पंख जिथे विमानाच्या अंगाला जोडतात तिथे एक जाड, दोन बोटांसारखा सांधा असतो, आणि त्यात खीळ घट्ट ठोकून बसवलेली असते, हे मला तेव्हाच कळलं. तू त्यावर लाल रंग लावलास, पुसलास, पांढरी पूड टाकलीस. पुडीवर केसाएवढी लाल रेघ उमटली, भेगेत मुरलेला रंग वर आला होता. पाऊस लागायच्या आधी तूच तो सांधा तपासला होतास आणि तेव्हा तिथे काही नव्हतं. मधल्या काळात विमान जागचं हललं नव्हतं.

मॅनेजर मद्रासचे. ते हसले म्हणे. उडताना ताण पडून धातू तुटला तर समजू शकतो, पण उभ्या उभ्या? त्यांनी मद्रासहून आणखी एक तपासनीस बोलावला. त्यानं ती रेघ म्हणजे घडवतानाचा ओरखडा ठरवला, घासून गुळगुळीत केली, पुन्हा रंग लावला. या वेळी रेघ उमटली नाही. त्यानं सही करायची तयारी दाखवली.

तू घरी येऊन एवढंच म्हणालास, "त्यानं भेग काढली नाही. फक्त तिचं तोंड बंद केलं."

ह्यांना ते लागलं. ह्यांना वाटलं, माझा मेहुणाच मला जमिनीवर बसवून ठेवतोय. चारचौघांत, बापासमोर. त्या दिवसापासून ह्यांनी तुझ्या पंगतीला बसणं सोडलं. आधी ह्यांना वाढायचं, मग तुला. आई दोन्ही वेळा दाराशी उभी. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण घर कसं ताणलेलं असायचं. तू भात कालवत राहायचास आणि घास तोंडात जायचा नाही.

मी तुला विचारलं होतं, आठवतं? नळाचा पाइप गंजतो तसं काही आहे का? तू म्हणालास, गंज दिसतो तरी. इथे दिसायला काहीच नाही. हा साधा ॲल्युमिनियम नव्हे. त्यात जस्त आणि मॅग्नेशियम घालून, तापवून, त्याला जवळजवळ पोलादाएवढा ताकदवान केलेला असतो, आणि जितका ताकदवान तितका तो आत हट्टी होतो, वाकायला तयार नसतो. खीळ ठोकून बसवल्यानं तो कायमचा ताणलेला असतो, विमान उडो न उडो. त्यात हवेतला ओलावा उघड्या धातूला लागतो. पाण्यातला प्राणवायू धातू स्वतःकडे ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. त्यातला बराचसा हवेत उडून जातो, पण थोडा आत शिरतो. इतका बारीक, की धातूला तो अडवता येत नाही.

आईनं मध्येच विचारलं, मग मी इडलीचं भांडं टाकून देऊ का? त्या दिवसांत तू हसलास तो तेवढ्यापुरताच. तिला म्हणालास, तुझं भांडं मऊ आहे, त्याला काही होत नाही, ते वाकेल पण तुटणार नाही. मग कार्तिकैच्या सणाला आपण पोरीचे, मुरमुऱ्यांचे लाडू करतो त्याचं तू सांगितलंस. लाडू ओल्या हवेत राहिला की आतला मुरमुरा जसाच्या तसा असतो, पण दाण्यादाण्यांमधला गूळ सैल होतो, आणि हातात घेतला की लाडू दाण्यांच्या सांध्यातून फुटतो. धातूलाही दाणे असतात. हायड्रोजन त्यांच्या सांध्यात जाऊन बसतो.

"असंच होतं का?" मी विचारलं.

"मला असं वाटतं. खात्रीनं अजून कुणीच सांगू शकत नाही. मोठमोठे लोक यावर भांडताहेत."

हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं, अण्णा. तुला पक्कं माहीत असतं तर मी ह्यांना बजावलं असतं. तुला नुसतं वाटत होतं, आणि त्या वाटण्यावर माझ्या कपाळीचं कुंकू टांगलेलं होतं.

मग तू तो प्रयोग मांडलास. दुसऱ्या एका विमानाचा मोडीत निघालेला तसलाच सांधा होता, त्यातून पट्ट्या कापून आणल्यास. प्रत्येक पट्टी धनुष्यासारखी वाकवून बोल्टानं आवळलीस. एक काचेच्या बरणीत टांगलीस, खाली कळीचा चुना, वरून मेणानं बंद. तिच्या आत ओलावा नाही. दुसरी विहिरीपाशी, न्हाणीच्या भिंतीला उघडी. दोघींना ताण सारखाच. आणि मग सांगितलंस की आता फक्त वाट पाहायची.

ती वाट मी कशी पाहिली ते तुला कधी कळलं का? मी पाणी ओढायला जायची तर नजर त्या पट्टीकडे. चकाकत असायची, नवी कोरी. तिच्यात काय चाललंय ते वरून काही म्हणजे काही दिसायचं नाही. मला वाटायचं, तुटू दे, म्हणजे हे थांबतील. मग वाटायचं, नको तुटू, म्हणजे हे एवढे दिवस ज्या सांध्यावर भरवसा ठेवून उडत होते तो धड होता असं होईल. भिंतीवर पाल चुकचुकली तरी मला पट्टीच तुटली असं वाटायचं. आई तमिळ पंचांग उघडून पालीचं फळ बघायची आणि मी न्हाणीत धावायची.

एका दुपारी जेवणं आटोपली होती. मी विहिरीपाशी भांडी घासत होते. टक् असा आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा. बस्स, तेवढाच. मी वळून पाहिलं तर पट्टी दोन तुकड्यांत लोंबत होती. वाकली नव्हती, ताणली गेली नव्हती. सरळ तुटली होती. मी राखेच्या हातांनीच दाराशी धावले. तू माझा चेहरा पाहूनच आलास. तुकडा उचललास, तुटलेली कड उजेडाकडे धरलीस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, कमळीला इथे येऊ देऊ नकोस, कड धारदार आहे.

बरणीतली पट्टी तशीच होती.

तू ते दोन्ही घेऊन पुढच्या खोलीत ह्यांच्याकडे गेलास. मी दाराआड होते. ह्यांनी तुकडा हातात घेऊन पाहिला, मग परत दिला. म्हणाले, अण्णा, तुम्ही पट्टी वाकवून वाकवून तोडलीत. विमान कुणी असं वाकवत नाही. मद्रासच्या तपासनिसानं सही केलीय. उद्या सकाळी मी पहिली फेरी घेणार आहे. पापनाशमच्या बाजूलाच जायचंय.

तू वाद घातला नाहीस. का नाही घातलास? मला त्या क्षणी तुझा राग आला होता. मला वाटलं, हा थकला. छाती दुखते म्हणून हा आता सोडून देणार.

सकाळी ह्यांना नेणारी जीप पुढे गेली. मी काफीचा थर्मास घेऊन जटक्याच्या घोडागाडीत बसले, तर तू आधीच आत. पायांत बंगळूरचे बूट. मैदानावर जायला तू नेहमी चपला घालायचास. मी विचारलं, आज बूट का? तू म्हणालास, गवत ओलं असेल. वाटेत तू कमळीच्या शाळेचं विचारलंस, आईच्या गुडघ्याचं विचारलंस. मी काहीतरी उत्तरं देत होते. दोन्ही बाजूंना कालवे भरून वाहत होते, भात उभा होता, आणि मला काही दिसत नव्हतं.

मैदानावर मॅनेजर, मद्रासचा तपासनीस, दोन-चार मिरासदार छत्र्या घेऊन. औषध भरून झालं होतं. हे वर चढले, इंजिन सुरू झालं, पंखा फिरू लागला. मी डोळ्यांनी पंखाचं मूळ शोधत होते. तिथे पत्रा होता, गुळगुळीत, रंगवलेला. आत काय आहे ते त्यावरून कसं कळावं?

तेवढ्यात तू माझ्या शेजारून निघालास. मला वाटलं, शेवटचं काही सांगायला जातोयस. तू पलीकडून चढलास, दार उघडलंस आणि ह्यांच्या शेजारच्या जागेवर बसून दार लावून घेतलंस.

मी गवतात खाली बसले. थर्मास कुठे पडला मला माहीत नाही. पंखा फिरत होता, विमान थरथरत होतं, आणि काचेमागे तुमची दोन डोकी दिसत होती. मॅनेजर हात हलवून काही ओरडत होते, ते इंजिनात बुडून जात होतं. विमान थोडं पुढे सरकलं. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर एकही नाव आठवेना.

मग पंख्याची पाती एकेक दिसू लागली. पंखा थांबला.

आत काय झालं ते ह्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. हे म्हणाले, उतरा अण्णा, हा काय पोरखेळ आहे? तू पट्टा आवळलास आणि म्हणालास, "रघुनाथराव, तुमची खात्री आहे ना? मग मलाही एक फेरी मारून आणा."

ह्यांनी खरंच विमान पुढे काढलं. ह्यांना वाटलं, तू घाबरून थांबा म्हणशील. तू म्हणाला नाहीस. ह्यांनी वळून पाहिलं तेव्हा तू समोर बघत होतास आणि दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला होतास. हे म्हणाले, सकू, मी माणसं घाबरलेली पाहिली आहेत. हा माणूस मरायच्या तयारीनं बसला होता. त्याला मरायचं नव्हतं, पण तो उतरत नव्हता. मला माझा जीव घालवता आला असता. त्याचा घालवता येईना.

ह्यांनी इंजिन बंद केलं आणि मॅनेजरला सांगितलं, खीळ काढून सांधा उघडा, मग बोलू.

दुपारी उघडला. ठोकून बसवलेली खीळ हलके हलके मागे ओढली, आणि शेवटी ती सुटली तशी सांध्याच्या दोन बोटांपैकी एक तिच्याबरोबरच निघून आलं. कुणी तोडलं नाही. हे सांगतात, आतला जवळजवळ सगळा भाग करडा, मळकट होता, म्हणजे आधीच फुटलेला. कडेला नखाएवढी जागा तेवढी चमकत होती. तेवढ्यावर पंख धरून राहिला होता. मद्रासचा तपासनीस ते पाहून छपराच्या बाहेर जाऊन उभा राहिला. त्यालाही दोष देऊ नका, असं तू म्हणालास म्हणे. रंगानं त्याला जे दाखवलं तेच त्यानं पाहिलं.

संध्याकाळी हे घरी आले. हातपाय धुतले, स्वयंपाकघरात आले, आपला पाट मांडला, आणि शेजारी तुझा पाट स्वतःच्या हातानं मांडला. आईनं पदर तोंडाला लावला. तू येऊन बसलास आणि दोघं सांबारभात जेवलात.

पण माझं तेवढ्यानं मिटलं नव्हतं. परत येताना जटक्यात मी तुला विचारलं होतं, "वर चढताना तुला माझी आठवण झाली नाही का? एका सकाळी भाऊ आणि नवरा दोन्ही गेले असते माझे."

तू म्हणालास, "झाली. म्हणूनच चढलो. मला घेऊन तो उडणार नाही हे मला ठाऊक होतं."

"आणि उडाला असता तर?"

तू बाहेर बघत राहिलास. त्याचं उत्तर तू मला कधीच दिलं नाहीस. अजून मी ते तुझ्याकडे मागते. तुळशीला पाणी घालताना, कमळीची वेणी घालताना मध्येच ती सकाळ उभी राहते, आणि त्यात पंखा थांबत नाही. विमान भातावरून वर जातं, लहान होत जातं, आणि मी खाली गवतात बसलेली असते. तू मला वाचवलंस की माझ्यावर जुगार खेळलास? दोन्ही खरं असेल तर मी तुझे उपकार मानू की तुझ्याशी भांडू? भांडायचं होतं, अण्णा. त्याला वेळ आहे असं वाटलं होतं. मग चैत्रात तू अंघोळ करून दारापुढच्या तिन्नैच्या ओट्यावर पेपर वाचायला बसलास, आणि आई काफी घेऊन आली तोवर गेला होतास. तुझंही तसंच, बघ. वरून काही म्हणजे काही दिसलं नाही.

आता नवं विमान आलंय. हे सांगतात, त्याचा सांधा वेगळ्या तऱ्हेनं तापवलेला आहे, जास्त वेळ. त्यानं धातूची ताकद थोडी कमी होते, पण ओलावा त्याला सहज फोडू शकत नाही. तू असतास तर किती प्रश्न विचारले असतेस. तपासनीसही नवा आहे, बंगळूरचा. ह्यांनी काल त्याला बजावलं, पावसाळा संपला की खीळ काढून आत बघितल्याशिवाय मी बसणार नाही. त्यानं काढून दाखवली. सांधा स्वच्छ होता. हे घरी येऊन मला मुद्दाम सांगत होते, आणि मी मान डोलवत होते, आणि मनात म्हणत होते. आज स्वच्छ आहे. उद्याचं काय? ऐप्पसी दर वर्षी येणार.

मामंजींचा निरोप आलाच आहे. लोंब्या पुन्हा पांढऱ्या पडताहेत. शेत जळताना पाहून कुणाचा जीव तुटणार नाही? मी त्यांना दोष देत नाही. मीही त्याच भाताचं खाते.

ह्यांना उडू नका म्हणणार नाही. तूही तसं कधी म्हणाला नाहीस. पण एक वचन देते. त्या वेळी तू एकटा नाही म्हणत होतास आणि आम्ही सगळे तुला वाढत होतो, तुझ्या बाजूनं बोलत नव्हतो. यापुढे मैदानावर ज्या दिवशी कुणी तपासनीस सही करायला कचरेल, नुसतं वाटतंय, खात्री नाही, असं म्हणेल, त्या दिवशी मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहीन. मिरासदार असोत, मामंजी असोत, हे असोत. त्याला नाही म्हणण्यासाठी विमानात बसावं लागणार नाही.

घाबरट म्हणालास तरी चालेल.

तुझी धाकटी बहीण,
सकू